बांधाला फुटलेले पाय

नकाशावर बांध ही नुसती रेघ असते. जमिनीवर तिथं एक वस्ती नांदते. आमच्या जिरायत पट्ट्यात बांधावर बाभळी, हिवर, बोरी. त्यांच्या बुडाशी तरवड, रुई, हरळी. काढणीच्या बाया भाकरी सोडायला तिथंच बसतात, शेळ्या तिथंच चरतात, तितर तिथंच अंडी घालतो. ही पट्टी कुणीच नांगरायची नाही, एवढ्या एका समजुतीवर ते सगळं तगून असतं. लहानपणी आम्ही दोघं-दोघं जोडीनं बांधावरून पळायचो. आता तिथं एकट्यालाही पाऊल जपून टाकावं लागतं. "पोरा, बांधाला पाय फुटलेत," थोरली चुलती म्हणायची. तिच्या आवाजात भीती असे, आणि त्या वयात मला ती कळत नसे.

बांध एका दिवसात कोरला जात नाही. उन्हाळी नांगरटीला कडेचं तास जरा आत जातं. पुढच्या वर्षी रोटाव्हेटर त्याच मातीवरून फिरतो. ट्रॅक्टरवाला भाड्याचा, त्याला हद्द ठाऊक नसते, किंवा मालकानं हातानं दाखवलेली तेवढीच ठाऊक असते. मग हद्दीचा दगड कलतो, बाभूळ तुटते आणि कुणीतरी म्हणतं, इथं बांध कधी नव्हताच. गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. तीनशे फूट लांबीचा बांध एक फूट सरकला तर पाव गुंठ्याहून थोडी जास्त जमीन जाते. कोरडवाहू ज्वारी धरली तर वर्षाला दोन-तीन किलो. तेवढ्यासाठी माणूस कुऱ्हाड उचलतो का? मला वाटतं, नाही. ज्वारीसाठी कुणी उचलत नाही. "आज गप बसलो तर उद्या सगळं गिळंल," हे वाक्य मी कितीतरी ओट्यांवर ऐकलं आहे. जिथं कायदा वेळेवर पोचत नाही, तिथं आपल्या वाटेला कुणी जात नाही हा लौकिकच माणसाचं कुंपण होतो. एक फूट सोडला की कुंपण पडलं, असं त्याला मनापासून वाटतं. सगळी भावकी बघत असते, म्हणून ते आणखीच वाटतं.

आपण भितो ते अनोळखी माणसाला. अंधारातल्या चोराला, टोळीला, बातम्यांत दिसणाऱ्या पिस्तुलाला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022 सालचा अहवाल वेगळंच दाखवतो. त्या वर्षी देशात खुनाचे 28,522 गुन्हे नोंदले गेले. त्यांतले 9,962 वादातून झाले: जमिनीचा वाद, घरातला वाद, पैशाचा, पाण्याचा, किरकोळ भांडणाचा. जुन्या वैरातून 3,761. लाभासाठी 1,884. लाखामागे दोनच्या आसपास खून हे प्रमाण जगाच्या सरासरीहून कमी आहे, हेही खरं. पण ज्या घरात ते घडतं तिथं मारणारा बहुधा ओळखीचा असतो, आणि बांधाच्या भांडणात तर पुष्कळदा एकाच आडनावाचा. बारशाला पेढे वाटून गेलेला.

याच्या मुळाशी शेतीचं आकसणं आहे. 1970-71 च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र सव्वाचार हेक्टरांच्या घरात होतं. 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टरवर आलं. आजोबांच्या एका रानाचे चार वाटे, त्या चारांचे नऊ. प्रत्येक वाटणी नवे बांध घालते आणि प्रत्येक बांधाला दोन बाजू असतात. विहीर सामाईक राहते, पाण्याच्या पाळ्या लागतात, वीज रात्रीची येते आणि पाळी चुकते. आतल्या वाट्याला जायची गाडीवाट पुढच्याच्या रानातून जाते. भरीला कागद. 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगावी सर्व्हे नंबर मोडून गट पडले. हेतू चांगला होता. पण कित्येक ठिकाणी सातबारा एकाच्या नावावर गेला आणि वहिवाट दुसऱ्याचीच राहिली. दोघंही खरं बोलत असतात. एकाच्या हातात उतारा, दुसऱ्याच्या हातात बापानं धरलेला नांगर.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात ती खुनाआधीची वर्षं. अशा घरांत मी बसलो आहे. ट्रंकेतून प्लॅस्टिकची पिशवी निघते आणि तिच्यात सगळं क्रमानं लावलेलं असतं: तलाठ्याला अर्ज, तहसीलदाराला अर्ज, मोजणीची पावती, मग पिकं उभी म्हणून पुढं ढकललेली मोजणी, मग शेजाऱ्याच्या हरकतीमुळं अर्धीच राहिलेली. आणि पोलीस ठाण्यातल्या एनसी. अदखलपात्र गुन्हा, म्हणजे शिवीगाळ, ढकलाढकल, जिवे मारण्याची धमकी. हवालदार लिहून घेतात, दोघांना समज देतात, कोर्टात जा म्हणतात. पुन्हा काही महिन्यांनी तेच भांडण, तीच नावं, नवा कागद. ती पिशवी म्हणजे पुढं होणाऱ्या खुनाची वर्षानुवर्षं भरत गेलेली फिर्याद असते. एवढ्या टेबलांवरून ती गेली. कुणी तरी हात घालायचा होता.

नंतरचं सगळ्या गावांना पाठ आहे. तीनशे दोन लागतं. आता कलम एकशे तीन म्हणतात, गाव अजून तीनशे दोनच म्हणतं. वकिलाच्या फीपायी मारणाऱ्याचं रान गहाण पडतं. मेलेल्याच्या घरी बाईच्या अंगावर कर्ज आणि पोरांची शाळा येते. खटला चालत राहतो, आणि ज्या पट्टीवरून रक्त सांडलं ती कुणीच पेरत नाही, कारण मोजणी अजून बाकीच असते.

सरकारला हे कळलेलं नाही असं नाही. 2023 मध्ये सलोखा योजना आली: परस्परांच्या जमिनीचा बारा वर्षांचा ताबा असेल तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून दोघांनी अदलाबदल करून घ्यावी. मला ही योजना मनापासून आवडते. पण तिला दोघांची सही लागते, आणि जिथं सही होऊ शकते तिथं कुऱ्हाड बहुधा निघत नाही. ज्यांचं बोलणं तुटलंय त्यांच्याकडे सरकारनंच चालून जायला हवं. एकाच रानावरून दुसरी एनसी आली की ठाणेदारानं ती फाईलला न लावता त्याच आठवड्यात तहसीलदाराकडे धाडावी, आणि त्या रानाची मोजणी रांग मोडून, बंदोबस्तात, सरकारी खर्चानं व्हावी. यासाठी कुठली नवी यंत्रणा उभारायला नको. फिर्यादीत गट नंबर असतो, मोजणीच्या अर्जातही तोच असतो. ते दोन कागद एका टेबलावर यायला हवेत, मृगाच्या आधी, ट्रॅक्टर रानात उतरण्यापूर्वी.