नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

परवा भाच्याने विचारलं, "मामा, तू ऑफिसात नक्की करतोस काय?" म्हटलं, "लोकांच्या वतीने 'नेक्स्ट' दाबतो." तो हसला. पण खरं सांगतो मंडळी, यात फारशी अतिशयोक्ती नाही.

2006 साली मी एका कॉलेजच्या लॅबचं नेटवर्क सांभाळायचो. विंडोज एक्सपीची 40 मशिन्स. नवीन सॉफ्टवेअर आलं की सीडी घेऊन प्रत्येक मशिनपाशी जायचं आणि नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. दोन दिवस सहज जायचे. मग एमएसआय फाइलींचा शोध लागला (म्हणजे मला!). कमांडमध्ये 'क्यूएन' हा स्विच दिला की एकही खिडकी न उघडता सगळं इन्स्टॉल होतं. कोणते भाग हवेत, डेस्कटॉपवर आयकॉन हवा का, ही उत्तरं ट्रान्सफॉर्म फाइलमध्ये आधीच भरून ठेवायची. दहा ओळींची बॅच फाइल लिहिली आणि जागेवर बसून 40 मशिन्सवर सोडली. काय तो रुबाब!

थोड्या वेळाने लॅबमधून एकच ओरडा. आधी वाटलं, लाइट गेले. जाऊन बघतो तर मशिन्स एकामागून एक रीस्टार्ट होताहेत, आणि आत प्रॅक्टिकल चालू! एरवी इन्स्टॉलर 'रीस्टार्ट करू का?' असं विचारतो. मी त्याचं तोंडच बंद केलेलं, मग तो न विचारता करून मोकळा झाला.

एका मुलीचं दोन तासांचं काम गेलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, निदान विचारायचं तरी."

त्या रात्री स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. 'नोरिस्टार्ट' घातलं. 3010 हा कोड आला, म्हणजे इन्स्टॉल झालंय पण रीस्टार्ट बाकी आहे, तर लॉगमध्ये नोंद करायची आणि रीस्टार्ट रात्री. 1603 आला तर काम फसलं, सकाळी त्या मशिनपाशी स्वतः जायचं. आणि आदल्या दिवशी लॅबच्या काकांना फळ्यावर सूचना लिहायला सांगायची. ही ओळ मात्र स्क्रिप्टमध्ये बसत नाही.

एक्सपीचा सपोर्ट 2014 मध्ये संपला, साधनंही बदलली. पण अजून प्रत्येक स्क्रिप्ट सोडण्याआधी स्वतःला विचारतो, यातल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा हक्क माझा नाही?

असो. भाच्याला हे सगळं सांगणार होतो, पण तो तोवर खेळायला पळालाही होता.