टाकून दिलेला सलाम

आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं भेटलो की एकमेकांना सलाम म्हणतो. रविवारी उपासना सुटली की चर्चच्या दारात हातात हात घेऊन सलाम, पत्राच्या शेवटी सलाम, पाहुणा निघाला की त्याच्या घरच्यांना सलाम. मराठी बायबलात पौलसुद्धा रोमच्या मंडळीला लिहिताना, याला सलाम सांगा, तिला सलाम सांगा, अशी लांबलचक यादी देतो. हा शब्द मी 19व्या वर्षी टाकला आणि 62व्या वर्षी पुन्हा उचलला. मधली 43 वर्षं मी जे समजत होतो त्यातलं बरंच चुकीचं होतं. सगळं नव्हतं. दोन्ही एकदा सांगून टाकावं म्हणतो.

1972 च्या दुष्काळात मी 13 वर्षांचा होतो. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, शाळा बुडवून मीही जायचो. पोरांना सुकडी मिळायची आणि घरी लाल मिलोची भाकरी. ती थापताना तुटायची. आई तुकडे जुळवून तव्यावर टाकायची. संध्याकाळी फोड आलेल्या हातांनी ती प्रार्थनेला बसायची आणि नारायण वामन टिळकांचं एखादं भजन म्हणायची. धाकटा भाऊ तिच्या मांडीला टेकून सूर धरायचा. मी उंबऱ्यावर बसलेला असायचो. ही बाई आभार कशाचे मानतेय, हे मला कळत नव्हतं.

1978 साली मी नगरला कॉलेजात होतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलं होतं. गावकुसाबाहेरच्या माणसांनी किती सोसलं हे आम्ही पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होतो, आणि आमच्या ख्रिस्ती वस्तीचे पूर्वजही त्याच गावकुसाबाहेरचे होते. त्याच वर्षी मंगेश पाडगावकरांचा ‘सलाम’ हा संग्रह आला. त्यातली शीर्षककविता कुणीतरी होस्टेलवर वाचून दाखवली. भीतीने आणि लाचारीने दिसेल त्याला सलाम ठोकणारा माणूस त्या कवितेत होता. सगळे हसले. मी हसलो नाही. आमच्या चर्चच्या दारातली रांग माझ्या डोळ्यांसमोर आली. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी हात पुढे केला तेव्हा मी हात जोडून ‘नमस्कार’ म्हणालो. आई काही बोलली नाही. तिने पाहिलं मात्र.

माझं म्हणणं साधं होतं. आशा म्हणजे उद्याचं आमिष दाखवून आज गप्प बसवणं. शांती म्हणजे मार खाऊन न रडणं. दोन्ही गरिबांना परवडतात, कारण दुसरं काही परवडत नाही. हे मी 30 वर्षं शिक्षकांच्या खोलीत ऐटीत ऐकवत आलो. पण देव नाही असं ठामपणे म्हणायची हिंमतही माझ्यात नव्हती. लग्न चर्चमध्ये लावलं, मुलांचे बाप्तिस्मे केले, नाताळला फराळाला हजर राहिलो. आतून टीका करायची आणि करंज्याही खायच्या, असा माझा कारभार.

इतिहास शिकवताना मी पंडिता रमाबाई शिकवायचो. शारदा सदन, विधवांचं शिक्षण, केडगावचं मुक्ती मिशन. एकदा मुलांची सहल केडगावला नेली होती. त्यांच्या श्रद्धेविषयी मात्र एक वाक्य बोलून मी पुढे जायचो, जणू ती त्यांच्या कर्तबगारीवर बसलेली धूळ होती. अर्ध्या रमाबाई शिकवून मी निवृत्त झालो.

मग 2021 चा एप्रिल आला.

धाकटा भाऊ आमच्या मंडळीत पेटी वाजवायचा. गावातलं घर, आई, मंडळीचे हिशेब, सगळं त्याच्याकडे होतं. ताप आला, चौथ्या दिवशी दम लागला. ऑक्सिजनच्या खाटेसाठी मी आणि त्याचा मुलगा दोन दिवस फोन करत होतो. खाट मिळाली ती सहाव्या दिवशी. दहाव्या दिवशी तो गेला. 57 वर्षांचा होता. दफनभूमीत आम्ही चौघंच. प्लास्टिकच्या पोशाखातल्या अनोळखी पोरांनी त्याला दोरांवरून खाली सोडलं. पेटीवाला तोच असल्यामुळे गाणं कुणी धरलं नाही.

दफनानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी आमचे पाळक घरी आले. तरुण माणूस, शाळेत माझा विद्यार्थी होता. अंगणात लांब खुर्ची टाकून बसला. त्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, “देवाची मर्जी होती, हे सांगायला आला असशील तर उठ.” तो उठला नाही. म्हणाला, “सर, मलाही तसं वाटत नाही.” मग त्याने 88वं स्तोत्र वाचलं आणि मिटून ठेवलं. मी थांबलो होतो, पुढे काही दिलासा येईल म्हणून. आला नाही. ते स्तोत्र अंधाराशीच संपतं. दीडशे स्तोत्रांत रडण्याची, जाब विचारण्याची कितीतरी आहेत, हे मला लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं?

खरा धक्का आईने दिला. माझी खात्री होती की ती आता ‘देवाने दिला, देवाने नेला’ म्हणेल आणि मला पुन्हा राग यायची सोय होईल. तसं झालं नाही. तीन आठवडे तिने प्रार्थना केली नाही. जेवणाआधी डोळे मिटायची नाही, ताट ओढायची आणि जेवायची. शेवटी मीच विचारलं, “आई, सोडलंस का?”

“कुणाला?”

“देवाला.”

“सोडंन कशी? भांडतेय मी त्याच्याशी. माझं पोर आधी का नेलं, ते सांग म्हणते. सोडलं असतं तर भांडले असते का?”

84 वर्षांची ही बाई. तिला मी मनातल्या मनात 50 वर्षं भोळी, गप्प बसवलेली म्हणत आलो होतो. ती गप्प कधी बसलीच नव्हती. 1972 ला ती काय बोलत होती तेही मी उंबऱ्यावरून नीट ऐकलं नव्हतं. ती आभार मानत होती असं मी धरून चाललो होतो.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. रात्री शास्त्र वाचून दाखवायचं काम भावाचं होतं, ते माझ्याकडे आलं. विश्वास असो-नसो, शिक्षकाला वाचता येतं, म्हणून मी वाचू लागलो. ती सांगेल तो अध्याय. ईयोब वाचला. त्याच्या मित्रांची प्रवचनं ऐकताना ती म्हणाली, “यांना कुणीतरी घरी पाठवा.” असे दिवस जात जात जूनमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाचा 20वा अध्याय आला.

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. वधस्तंभानंतरचा पहिला रविवार. शिष्य भीतीने दारं लावून आत बसलेले. येशू त्यांच्यामध्ये उभा राहतो आणि त्यांना शांती देतो. पण त्या वर्षी आम्हीही दारं लावूनच बसलो होतो, त्यामुळे वाचताना जीभ अडखळली. शांती म्हटल्यावर लगेच तो काय करतो? हात आणि कूस दाखवतो. जखमा झाकून बोललेली ती शांती नव्हती. मेलं त्याचं मेलेपण, मारणाऱ्यांचा अन्याय, काहीच पुसलेलं नव्हतं. आणि तो जी शांती बोलला ती त्यांच्याकडची रोजच्या अभिवादनाची भाषा, हिब्रूत शालोम. अरबीतला सलाम त्याच धातूचा भाऊ. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शब्दकोशापुरतं माहीत होतं. आमच्या वस्तीतली माणसं चर्चच्या दारात एकमेकांना काय देत होती, ते त्या रात्री कळलं. दुष्काळात, प्लेगात, पोर गमावलेल्या घरात जाऊन ती तेच म्हणत आली. मी मात्र त्या शब्दात वाकलेली पाठ पाहिली होती.

मग रमाबाई पुन्हा काढून वाचल्या, या वेळी पूर्ण. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि मोठी बहीण एकामागोमाग गेली. पुण्य पदरी पडेल म्हणून पुराणं सांगत, दानधर्म करत आयुष्य काढलेली ती माणसं भुकेने गेली, हे मुलीने डोळ्यांनी पाहिलं. पुढे भाऊ गेला, नवरा गेला. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे या बाईची आशा काही सुखवस्तू घरात उगवलेली नव्हती. देवाधर्माचा हिशेब एकदा पुरता कोसळलेला पाहून मग ती आलेली होती. आणि ती दिसायची कशी? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उचलून आणलेल्या मुली, त्यांच्यासाठी खोदलेल्या विहिरी, शेत, छापखाना. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. आशा गप्प बसवते असं मी वर्गात ज्या बाईच्या फोटोखाली उभा राहून म्हणायचो, ती बाई 40 वर्षं एक दिवस स्वस्थ बसली नव्हती.

म्हणून माझं मत बदललं. पण किती बदललं, तेही सांगतो. भावाचं जाणं ही देवाची योजना होती, असं मला आजही कुणी म्हटलेलं खपत नाही. खाट दोन दिवस आधी मिळायला हवी होती, आणि ती का मिळाली नाही याचा जाब माणसांकडेच मागायला हवा. सोसण्याचे गोडवे गाणारी प्रवचनं आमच्यात झाली, आजही होतात. त्यांच्यावरचा माझा जुना राग मी परत घेत नाही. 19 वर्षांचा तो पोरगा सगळाच चुकला नव्हता. त्याने एवढंच केलं, की प्रवचन ऐकून आईला ओळखलं. आईकडे पाहून प्रवचन तपासलं नाही.

2021 च्या अखेरीस कोविडने गेलेल्यांच्या वारसांना 50 हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान मिळू लागलं. अर्ज ऑनलाइन, कागदपत्रं भरपूर, आणि कित्येकांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण भलतंच. भावजयीचा अर्ज भरताना शेजारच्या दोघी आल्या, मग गावातून आणखी. रविवारी उपासनेनंतर मी चर्चच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसायला लागलो. कोण कुठल्या देवाचं, हे अर्जात विचारलेलं नव्हतं. एक बाई नवऱ्याचं आधार कार्ड पिशवीतून काढताना रडायला लागली. सांत्वनाचं एकही वाक्य मला सुचलं नाही. सुचलेली सगळी खोटी वाटली. तिचा अर्ज पूर्ण करून हातात पावती दिली आणि तोंडातून निघून गेलं, “सलाम, बाई.” तिने पदराने डोळे पुसले आणि हात जोडून म्हणाली, “नमस्कार, सर.” 43 वर्षांनी माझेच दोन शब्द समोरासमोर आले. दोघांचं भांडण नव्हतं.

आई आता 88 ची आहे. प्रार्थना पुन्हा सुरू झाली. भांडण मिटलं का, ते मी विचारलेलं नाही. परवा तिने तोच अध्याय पुन्हा वाचायला सांगितला. या खेपेला पुढची एक गोष्ट नजरेत भरली. पहिल्या भेटीनंतर आठ दिवसांनी तो पुन्हा येतो, तेव्हाही दारं लावलेलीच असतात. ज्यांनी जखमा पाहिल्या, ज्यांना आनंद झाला, तीच माणसं आठवड्याने पुन्हा कडी लावून आत. मला फार हायसं वाटलं. आईला तसं म्हणालोही.

ती अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली, “मंग? येणारा काय कडीला अडतो? तू आपली लाव. मांजर येतंय दुधाला.”

मी उठून कडी लावली.

“सलाम, आई.”

“सलाम, दादा. दिवा घालव.”