धुराची साक्ष

आपल्याकडे ‘पीयूसी काढायची आहे’ असे म्हणतात. दाखला काढावा, फोटो काढावा, तशी ही पीयूसी. ‘गाडीचा धूर तपासून घ्यायचा आहे’ असे म्हणणारा मनुष्य आम्हां दोघा भावांना इतक्या वर्षांत क्वचितच भेटला. येणाऱ्याचे लक्ष कागदाकडे असते, आणि त्या कागदामागे एक यंत्र आहे, त्या यंत्रालाही भूक, तहान, आजार आहेत, याची त्याला कल्पना नसते. वसईच्या रस्त्यावर एका जुन्या व्हॅनमध्ये आम्ही हे यंत्र मांडून बसतो. सुटकेसएवढी त्याची पेटी, मागे एक लांब नळी, नळीच्या टोकाला धातूची सळई, आणि वीज गेली तर बॅटरीची सोय, एवढाच आमचा संसार. डिझेलच्या गाड्यांसाठी धुराची घनता मोजणारे वेगळे यंत्र लागते. त्याची कथा निराळी. येथे आम्ही पेट्रोलच्या गाड्यांपुरतेच बोलणार आहोत.

या पेटीच्या पोटात एक लहानशी नळकांडी असते. तिच्या एका टोकाला अवरक्त किरणांचा दिवा, दुसऱ्या टोकाला किरण मोजणारे डोळे. प्रत्येक वायू या किरणांतील आपापला वाटा गिळतो. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रॉन लांबीची लहर गिळतो, कार्बन मोनॉक्साइड त्याहून किंचित लांब, आणि न जळलेले इंधन, ज्याला आम्ही हायड्रोकार्बन म्हणतो, ते ३.४ मायक्रॉनच्या आसपासची. पलीकडे किती किरण पोहोचले यावरून धुरात कोणता वायू किती, हे यंत्र ताडते. प्राणवायू मात्र असे किरण गिळत नाही. त्याच्यासाठी एक स्वतंत्र सेल असतो. त्यातील शिसे हळूहळू झिजून वीज उत्पन्न होते. हा सेल पाकिटातून बाहेर काढला की त्याचे आयुष्य सुरू होते. गाड्या तपासा अथवा तपासू नका, दोनेक वर्षांत तो संपतो. नवा सेल घेताना ‘धंदा नव्हता तरी सेल संपला कसा’ म्हणून हळहळणारे समव्यवसायी आम्ही पाहिले आहेत.

तपासणीची रीत सोपी आहे, पण तिला धीर लागतो. इंजिन चांगले तापलेले हवे. सळई सायलेन्सरमध्ये निदान ३०० मिलिमीटर आत जायला हवी, नाहीतर बाहेरची हवा मागून शिरते. दुचाकीचा सायलेन्सर आखूड असेल तर जोडनळी लावावी लागते. मग गाडी निवांत चालू ठेवून आकडे स्थिर होईपर्यंत थांबायचे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ व्या नियमात या सगळ्याच्या मर्यादा दिलेल्या आहेत. भारत स्टेज चारच्या पेट्रोल मोटारीला निवांत चालीत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दोनशे भाग, याहून अधिक चालत नाही. भारत स्टेज दोनच्या आधीच्या जुन्या मोटारींना हीच मर्यादा ३ टक्के आणि १५०० पीपीएम होती. एवढा फरक एका पिढीत पडला.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, ती सांगतो. तराजू बिघडला तर तो कधी गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकेल, कधी दुकानदाराच्या. आमचे यंत्र तसे नाही. त्याची निगा राखली नाही तर ते बहुतेक वेळा दयाळू होते. अडाण्यासारखे दयाळू, म्हणजे दोषी गाडीला निर्दोष ठरवणारे.

नळीला टाचणीएवढे छिद्र पडले आहे असे समजा. पेटीतील पंप धूर आत ओढत असतो, म्हणून त्या छिद्रातून धूर बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. ना वास, ना आवाज. दहावा हिस्सा हवा मिसळली तर ३.२ टक्क्यांचा कार्बन मोनॉक्साइड २.८८ दिसतो आणि ३ टक्के मर्यादेची नापास गाडी पास होते. दुसरे उदाहरण शून्याचे. प्रत्येक तपासणीच्या आरंभी यंत्र भोवतालची हवा ओढून तिलाच शून्य मानते. पत्र्याच्या शेडखाली मागच्या रिक्षाचा धूर रेंगाळत असेल आणि त्याच हवेवर शून्य धरले, तर पुढच्या गाडीच्या खऱ्या आकड्यातून तेवढी वजाबाकी गुपचूप होते. म्हणून आम्ही व्हॅनचे दार समुद्राच्या वाऱ्याकडे ठेवतो. त्यात आमच्या जिवाचाही स्वार्थ आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि त्याला रंग नाही की वास नाही.

एकच दोष उलट दिशेचा आहे, आणि तो आम्हांला अधिक बोचतो. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचा तेलकट धूर नळीच्या रबराला चिकटून बसतो आणि मग हळूहळू सुटत राहतो. त्याच्या मागून आलेल्या स्वच्छ मोटारीच्या नावावर हे दुसऱ्याचे पाप चढते. नळी नुसत्या हवेत धरून हायड्रोकार्बनचा आकडा २० पीपीएमच्या खाली उतरेपर्यंत पुढची गाडी घ्यायची नाही, असा आमचा दंडक आहे. रांगेतील लोक भोंगे वाजवतात. वाजवोत.

निगा राखणे म्हणजे मुख्यतः पाण्याशी झुंज. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. ते वाफेच्या रूपाने धुरात असते आणि गार नळीत शिरताच थेंब होते. पेटीच्या आधी पाणी अडवणारे काचेचे भांडे असते, ते पावसाळ्यात आम्ही दर दोन-तीन गाड्यांमागे रिकामे करतो. ते पाणी आतल्या नळकांडीपर्यंत गेले की तिची भिंत डागाळते, आणि मग दुरुस्तीचा खर्च महिन्याची कमाई खातो. फिल्टरचा पांढरा कागद करडा झाला की बदलायचा. काळा होण्याची वाट पाहायची नाही. संध्याकाळी काम संपले की सळई मोकळ्या हवेत टांगून दहा मिनिटे पंप चालू ठेवायचा, जणू यंत्राला चूळ भरायला लावायची. सळईचे तोंड रात्री कापडाने बांधायचे. हे पुस्तकात नाही, आम्हांला कुंभारीण माशीने शिकवले. तिला सळईच्या भोकाएवढे सुंदर घर दुसरे कोठे मिळणार? सकाळी यंत्राने ‘प्रवाह कमी’ म्हणून ओरडायला सुरुवात केली आणि तारेने टोकरले तर आतून मातीचे ढेकूळ निघाले.

रोज सकाळी सळईचे तोंड टोपीने बंद करून गळती पाहायची. ठराविक मुदतीने माणूस येतो, ज्ञात प्रमाणाच्या वायूंची टाकी जोडतो आणि यंत्राचे आकडे तिच्याशी ताडून पाहतो. या टाकीतील हायड्रोकार्बन म्हणजे प्रोपेन असतो आणि यंत्र मात्र हेक्झेनच्या भाषेत बोलते. त्यामुळे टाकीवर लिहिलेल्या आकड्याच्या सुमारे निम्मा आकडा पडद्यावर दिसतो. हे गुणक यंत्रावरच छापलेले असते. ते न वाचता ‘यंत्र अर्धेच दाखवते’ म्हणून ते फिरवून ठेवणारे महाभाग असतात, आणि मग सहा महिने साऱ्या गावाच्या गाड्या दुप्पट दोषी ठरतात.

हे सगळे कळू लागल्यावर आमची एक सवय पक्की झाली. कार्बन मोनॉक्साइडच्या आकड्याआधी आम्ही कार्बन डायऑक्साइड आणि प्राणवायू पाहतो. या दोहोंना नियमात मर्यादा नाही, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. पण ते साक्षीदार आहेत. पेट्रोलचे इंजिन ठीक चालत असेल आणि नळी घट्ट असेल तर कार्बनचे हे दोन्ही वायू मिळून पंधराच्या आसपास भरतात, प्राणवायू एकदोन टक्क्यांत राहतो. बेरीज घसरली आणि प्राणवायू चढला की कोठून तरी हवा शिरते आहे.

२००९ च्या पावसाळ्यात शाळेच्या मुलांची ने-आण करणारी एक जुनी व्हॅन आमच्याकडे आली. मालक आमच्याच गावचा, सुखदुःखाला धावून येणारा. आकडे आले ते असे: कार्बन मोनॉक्साइड २.४, मर्यादा ३, म्हणजे गाडी पास. पण कार्बन डायऑक्साइड फक्त ९.२ आणि प्राणवायू ६.८. आम्ही सळई काढली, टोपी लावली, गळतीची चाचणी केली. आमची नळी निर्दोष होती. मग हवा शिरत होती ती गाडीच्याच पोटात. वाकून पाहिले तर सायलेन्सरची नळी मागच्या बाकाखाली गंजून फुटलेली. जेथून हवा आत जात होती तेथूनच धूर बाहेर येत होता, आणि त्याच्या वर, पत्र्याच्या एका थरापलीकडे, पावसामुळे काचा लावून दहा-बारा मुले बसत होती.

आम्ही मालकाला ते दाखवले. तो म्हणाला, “दादा, आकडा पास आहे ना? मग कागद द्या. सायलेन्सर दिवाळीनंतर बघू.” फुटक्या सायलेन्सरवर चाचणी धरता येत नाही, असे आम्ही म्हणालो. आवाज चढले. “एका गावचे आहोत आपण,” हे त्याने तीनदा सांगितले, आणि शेवटी गाडी घेऊन निघून गेला. त्या सायंकाळी आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी फारसे बोललो नाही. शेजार तुटतो की काय ही धास्ती होती, आणि तो दुसरीकडून कागद घेऊन उद्या सकाळी मुले भरील ही त्याहून मोठी. रात्री त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईच्या कानावर ही गोष्ट घातली. त्या माऊलीचा स्वतःचा नातू त्याच गाडीतून शाळेत जात होता.

तिसऱ्या दिवशी गाडी परत आली, नळीला नवे वेल्डिंग. आता धुरात हवा मिसळत नव्हती आणि खरा आकडा उघडा पडला: कार्बन मोनॉक्साइड ३.५, कार्बन डायऑक्साइड १३.२, प्राणवायू ०.६. गाडी नापास! मालकाने कपाळाला हात लावला. “दुरुस्त केली तर बिघडली?” असा त्याचा प्रश्न होता, आणि तो प्रामाणिक होता. हवेचा फिल्टर धुळीने गच्च भरलेला निघाला, कार्ब्युरेटर पेट्रोल अधिक सोडत होता. दोन्ही नीट झाल्यावर १.६ आला, आणि महिन्याला पेट्रोलही कमी लागू लागले. बोलणे मात्र पूर्ववत व्हायला नाताळ उजाडावा लागला.

कागदाची किंमत त्यानंतर वाढतच गेली. १० ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीवाचून विम्याचे नूतनीकरण करू नये असा निर्देश दिला. २०१९ च्या दुरुस्तीने दंड दहा हजारांपर्यंत नेला. कागद महाग झाला की तो गाडीशिवाय मिळवण्याची विद्याही वाढते. आता नंबरपाटीचे छायाचित्र संगणकावर चढवावे लागते, पण सळई नळीत आहे की जमिनीवर, हे छायाचित्राला कळत नाही. अशा केंद्रांची तक्रार करावी काय, यावर आमच्या घरात एकमत नाही.

फसवणूक लहान माणसेच करतात असेही नाही. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल मोटारी प्रयोगशाळेतल्या चाचणीत स्वच्छ ठरत. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी फिरते यंत्र गाडीच्या डिकीत मांडले आणि गाडी खऱ्या रस्त्यावर शेकडो मैल चालवली. एका गाडीच्या धुरात नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाली. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीला लबाडी मान्य करावी लागली. जगभरच्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ती चोरवाट घातलेली होती. ही बातमी वाचली त्या दिवशी आम्ही आमच्या पेटीवरची धूळ जरा अधिक प्रेमाने पुसली, हे कबूल करायला हरकत नाही.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा आले, दुचाकींतूनही कार्ब्युरेटर गेले. आता नव्या गाड्यांचा कार्बन मोनॉक्साइड बहुधा ०.०० येतो, आणि लोक विचारतात की शून्यच येणार तर सळई घालायची कशाला. शून्य दोन प्रकारे येते. इंजिन आणि त्याचा उत्प्रेरक चोख असला तरी येते, आणि सळई हवेत लोंबत असली तरी येते. धाकट्या भावाचा मुलगा सुटीत आमच्या मदतीला येतो. परवा त्याने एका नव्या मोटारीला सळई लावली आणि व्हॅनमधूनच ओरडला, “काका, शून्य आलं, छापू का?”

“कार्बन डायऑक्साइड किती?”

तो क्षणभर पडद्याकडे पाहत राहिला. “चौदा पूर्णांक आठ.”

“मग छाप,” आम्ही म्हणालो. मागे एक टू-स्ट्रोक स्कूटर उभी होती; तिच्या मालकाला आम्ही आधीच सांगून टाकले की तुमच्यानंतर थोडा वेळ दुकान बंद राहील.