ब्युरेट कुणाच्या हातात

दोस्तांनो, गिरणीतला माणूस प्रयोगशाळेवर लिहितोय म्हणून हसू नका. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर. शाळा दहावीपर्यंत, बाकीचं रात्रपाळीनंतर मिळेल ते वाचून. पण माझी धाकटी बहीण बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. केमिस्ट्री.

पहिली दोन वर्षं तिनं काय केलं? चौघांत एक ब्युरेट. ज्याचा हात पुढं, त्याच्या हातात तोटी. ही मागं उभी राहून रीडिंग उतरवणार. जर्नलवर सही, झालं प्रॅक्टिकल. ‘दादा, उत्तर आधीच ठरलेलं असतं,’ ती म्हणायची. म्हणजे पाठांतरच की, फक्त काचेच्या भांड्यातलं.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत एका मॅडमनं तिला लॅब उघडून दिली. म्हणाल्या, ‘पाणी कुठलं तपासायचं ते तू ठरव.’ तिनं गिरणीमागच्या नाल्याचं आणलं. काचेच्या बुचाची बाटली, आत हवेचा बुडबुडा नको. मँगनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. हिचा पांढराच राहिला. पोरगी नाचायची बाकी होती. मॅडमनं शाबासकी नाही दिली. विचारलं, ‘एकदाच की रोज? पहाटे काय, शिफ्ट सुटल्यावर काय?’ झालं, आठवडाभर ही पहाटे नाल्यावर, आणि रात्रपाळीहून येता येता मी बाटल्या धरायला. 1927 ला महाडात पाण्याला हात लावला म्हणून आपली डोकी फुटली. आता आपली पोर पाण्याची झाडाझडती घेत होती.

कमला सोहोनी, दुर्गा भागवतांची बहीण. 1933 साली बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना नाकारलं. बाई हटल्या नाहीत, वर्षभराच्या अटीवर आत शिरल्या. तिथं श्रीनिवासय्यांनी हाताशी धरून शिकवलं. 1939 ला केंब्रिजची पीएच.डी. त्या झुंजीला सलामच. पण त्यांचे बाप आणि काका त्याच संस्थेत शिकलेले केमिस्ट. दार कुठं आहे, ठोठावायचं कसं, हे घरात ठाऊक होतं. आमच्या घरात गाईड म्हणजे बाजारातलं पुस्तक!

सरकारनं 2008 ला इन्स्पायर योजना काढली. वर्षाला 80000 रुपये, त्यातले 20000 उन्हाळ्यात कुणा जाणत्याच्या हाताखाली संशोधन करायला. कल्पना झकास. पण मुख्य रस्ता बारावी बोर्डाच्या वरच्या 1 टक्क्यातून. बारावीला माझी बहीण टॉवेलला शिवण मारत पुस्तक उघडायची.

सुट्टीतली शिवण म्हणजे तिची फी. आय म्हणाली, ‘नाल्याचं पाणी मोजून चूल पेटती का गं?’ आय खरं तेच बोलली. मॅडम लॅब देतील, वेळ देतील. दोन महिन्यांची मजुरी कोण देणार?

मंडळात मी मांडलंय. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करा, वस्तीतल्या एका पोरीची सुट्टीतली मजुरी भरा. आणि तालुक्यातल्या कॉलेजांत आपले मास्तर कोण कोण आहेत त्यांची यादी करा, त्यांच्याकडे जाऊन लॅब उघडून मागा. अर्धे हो म्हणाले. अर्ध्यांना डीजे पाहिजे. रविवारी परत बैठक आहे. बहिणीला बोलावलंय, बाटल्या घेऊन.