गिटारची मान आणि बुधवार पेठ

पुण्यात कोणती वस्तू कुठे दुरुस्त होते हे ज्याला ठाऊक तोच खरा पुणेकर, असे आमचे वडील म्हणत. चष्म्याची काडी, छत्रीची तार, पेटीचा भाता, प्रत्येकाची आळी ठरलेली. पण गेल्या श्रावणात एका रविवारी जी वस्तू खांद्याला अडकवून मी मुलासह सदाशिव पेठेतून बाहेर पडलो, तिची आळी वडिलांनाही सांगता आली नसती. ती होती विजेवर वाजणारी गिटार, आणि तिची मान पिळली होती.

गिटार माझ्या धाकट्या भावाची. तो जाऊन सहा वर्षे झाली. पुण्यात १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला आणि २०१० साली ‘वीकेंडर’ नावाचा दुसरा संगीतमेळा. पहिल्याला मी शाल पांघरून जाई, दुसऱ्याला तो मित्रांचे टोळके घेऊन. “हे संगीत नव्हे, गोंगाट आहे,” असे मी एकदा त्याला बोलून गेलो. तो नुसता हसला. पण त्यानंतर माझ्यासमोर त्याने वाद्य म्हणून काढले नाही. तो गेला तेव्हा गिटार मीच पोटमाळ्यावर ठेवली. तारा तशाच ताणलेल्या, वर पत्र्याचे ऊन आणि सहा पावसाळ्यांची ओल. मग कोणते लाकूड सरळ राहील?

यंदा मुलगा म्हणाला, “बाबा, काकाची गिटार मी घेऊ?” खाली काढून पाहतो तो ही अवस्था! सहा तारांची एकत्रित ओढ सुमारे पंचेचाळीस किलोंची असते. ती पेलण्यासाठी मानेच्या पोटात एक पोलादी सळई घातलेली असते. मानेला बाक आला तर सळई आवळून काढता येतो. पीळ मात्र तिने जात नाही.

कॅम्पात महात्मा गांधी रस्त्याजवळच्या एका दुकानात मालकांनी मानेवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “सर, नवीच घ्या. ही परवडायची नाही.” मी पिशवीची चेन ओढू लागलो, तोच मुलाने गिटार पालथी केली. “बाबा, हे बघा. चारच स्क्रू आहेत. नेक बदलता येते.”

खरेच, मान जिथे धडाला मिळते तिथे एक चौकोनी पत्रा आणि चार स्क्रू. मी घरी येऊन वाचले. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचे लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. एरवी गिटारची मान धडाला सरसाने चिकटवीत. यांनी १९५० साली भरीव धडाची गिटार बाजारात आणली, तिची मान स्क्रूंनी बसवलेली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. दुरुस्ती करणारा माणूस वस्तू घडवतानाच ती मोडेल केव्हा याचा विचार करून ठेवतो.

नवी मान मागवली. आठ दिवसांत पुठ्ठ्याच्या खोक्यातून ती आली. आता बसवायची कोणी? क्वार्टर गेटपासून लक्ष्मी रोड धरून सोन्या मारुतीवरून पुढे निघालो. विचारत विचारत बुधवार पेठेतल्या एका बोळात तंबोऱ्याच्या कारागिराकडे पोहोचलो. जिन्याखालची खोली, खुंटीला भोपळे टांगलेले, खाली भुसा, कोपऱ्यात दांडी निखळलेला तंबोरा.

“चाचा, गिटार आहे हो,” मी अपराध्यासारखा म्हणालो.

“तारा आहेत ना? मग आणा इकडे.”

चाचा मिरजेचे. मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्याने, सतारी दुरुस्त करता करता नव्या करायला सुरुवात केली. तिथूनच त्या गावचा हा धंदा वाढला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तुणीचे लाकूड यांतून उभ्या राहणाऱ्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्रवाले फरीदसाहेब आणि रेडिओवाले फेंडर, दोघेही दुरुस्तीच्या पाटावरून वाद्याकडे आले, याची मला मौज वाटली.

चाचांनी प्रथम तारा सैल केल्या, मग स्क्रू काढले. मान अलगद हाती आली. धडातली खाच मोजली : रुंदी छप्पन्न मिलिमीटर. नव्या मानेचा बुडखा केसभर जाड होता. तो काचकागदाने घासला, तेव्हा कुठे ती घट्ट बसली. वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जे अंतर, तेवढेच तिथून पुढे घोडीपर्यंत हवे, म्हणजे सुमारे तीनशे चोवीस मिलिमीटर. नाहीतर वाद्य सुरात बोलणार नाही. मग दोन कडेच्या तारांच्या जागी दोरे ताणले, मान मधोमध आहे ना हे पाहिले, शिकंज्यात आवळली, आणि धडाच्या भोकांतून खुणा करून बारीक भोके पाडली. स्क्रूंना साबण चोळला. “नाहीतर लाकूड चिरतं,” ते मुलाला म्हणाले. आवळतानाही एक इकडचा, एक तिरक्या कोपऱ्यातला.

माझ्या हातात जुनी मान होती. तिच्या पाठीचे रोगण एका ठिकाणी अंगठ्याच्या रुंदीइतके पार गेले होते. धडाला माणसाचा हात कितीसा लागतो? वाजवणाऱ्याची मूठ मानेवरच असते. म्हणजे बदलायला निघालो होतो तो नेमका भावाचा हात, आणि तोही माझ्या निष्काळजीपणामुळे.

चाचांनी माझ्याकडे पाहिले असावे. “खुंट्या जुन्याच लावतो, सर,” ते म्हणाले. “चांगल्या आहेत. नव्या कशाला?”

त्या लावल्या. मुलाने तार चढवली, खुंटी पिळली, कान देऊन थांबला, पुन्हा थोडी पिळली. माझा भाऊ असाच मान कलती करून ऐकत असे.

जुनी मान माझ्या पुस्तकांच्या फळीवर आहे. कधी तरी उचलून पाहतो. त्या झिजलेल्या जागी माझा अंगठा बसत नाही. संध्याकाळी आतल्या खोलीत मुलगा वाजवू लागला की मी तपासायच्या वह्या मिटतो. त्यातले मला अजूनही फारसे कळत नाही. मधले दार मात्र मी लावत नाही.