मावशींचा चेहरा आणि ऑटो मोड

तर झालं असं, की आमच्या मेसच्या मावशी बारा वर्षं पोळ्या लाटून एप्रिलअखेर गावी परत जाणार होत्या. त्यांच्या निरोपासाठी छोटीशी फिल्म करायची ठरली आणि क्लबचा मिररलेस कॅमेरा आला माझ्या हातात! मी काय, बिनधास्त ऑटोवर टाकला. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, मागे बुटीबोरीचं भर दुपारचं ऊन. त्या बोलत होत्या, मी शूट करत होते.

रात्री त्यांनाच आधी दाखवलं. मागचं अंगण लख्ख, आणि मावशींच्या जागी नुसती सावली! मावशी हसून म्हणाल्या, "काहून व पोरी, एवढी काळी हाओ का मी?" त्या हसल्या खऱ्या, पण मला मान वर करवेना.

चूक कुठे झाली? कॅमेरा चेहरा बघत नव्हता, उजेडाची सरासरी काढत होता. दारातलं ऊन जास्त, म्हणून त्याने अख्खं चित्रच अंधारं केलं. मावशी जरा बाजूला सरकल्या आणि दार फ्रेममधून गेलं, की चित्र एकदम उजळायचं. फोटोत हे एकदाच बिघडतं, व्हिडिओत मात्र बघता बघता बदलतं.

मग आठवडाभर मॅन्युअल शिकले. सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर शटर त्याच्या दुप्पट, म्हणजे १/५०. त्यामुळे हालचाल नैसर्गिक दिसते. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/५० मध्ये प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन ठोके मिळतात, म्हणून पडद्यावर पट्टे फिरत नाहीत. (इलेक्ट्रिकलवाल्यांनो, कॉलर ताठ करा!) शटर असं बांधलं, की उरतात अॅपर्चर आणि आयएसओ. पण कडक उन्हात आयएसओ १०० ठेवूनही अॅपर्चर एफ २२ पर्यंत जातं. तिथे एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सचा गॉगल, लावायचा. एनडी ८ ने प्रकाश आठव्या हिश्शावर येतो आणि एफ ८ वर काम भागतं.

दादासाहेब फाळक्यांकडे तर ऑटो नावाची भानगडच नव्हती. हाताने फिरवायचा कॅमेरा आणि सूर्यप्रकाश, एवढ्यावर त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि ३ मे १९१३ ला मुंबईत लोकांना दाखवला. उजेडाचा अंदाज त्यांचा त्यांनाच घ्यावा लागत होता. मिररलेसमध्ये निदान चित्र कसं येणार ते आधीच दिसतं. तरी आम्ही ऑटोवर!

जायच्या आदल्या दिवशी मावशींना पुन्हा गाठलं. तेच दार, तेच ऊन. या वेळी एक्स्पोजर त्यांच्या चेहऱ्यावर ठरवलं. १/५०, एफ २.८, आयएसओ ८००. मागचं अंगण पांढरंफटक झालं. होऊ दे! अंगण कुठे जातंय? जाणार तर मावशी होत्या.

व्हिडिओ बघून त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग पदर सावरत म्हणाल्या, "हाव, हे मी होय."

मित्रमैत्रिणींनो, कॅमेरा नसेल तर मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, बऱ्याच फोनमध्ये एक्स्पोजर तिथेच लॉक होतं. आपल्याला फ्रेममध्ये कोण दिसायला हवंय, ते मात्र ऑटोला कळत नाही. ते आपणच ठरवायचं असतं.