औषध मला, पथ्य घराला

२२ जून, अर्जुनी मोरगाव
काल नागपूरला डॉक्टरांना दाखवून यायला रात्र झाली. बसचे धक्के अजून अंगात आहेत. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत ठणका आहे, पण आता त्याला नाव आहे: फायब्रोमायाल्जिया. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. सीआरपी, थायरॉइड, संधिवाताचा आरए फॅक्टर, सगळं ठीक. सिकलसेलची तपासणी तर आधीच झाली होती. आमच्या भागात हाडं दुखतात म्हटलं की पहिली शंका तीच येते.
सासूबाईंनी फाइल चाळली. "रिपोट चांगला आला ना, मंग दुखते कायचं?"
उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सांगायला लागणारं त्राण नव्हतं.

२५ जून
आज यांना बसवून सांगितलं. हा आजार कुठल्याच रिपोर्टात दिसत नाही. तपासण्या केल्या त्या दुसरं काही नाही ना, हे पाहायला. १९९० च्या निकषांत शरीरावरचे अठरा बिंदू दाबून बघत आणि त्यातले अकरा दुखले तर निदान करत. २०१० पासून बिंदू मोजायची गरज उरली नाही. अंगाचे एकोणीस भाग, झोप, थकवा, विसरभोळेपणा यांची विचारपूस होते, आणि त्रास निदान तीन महिन्यांचा असावा लागतो. डॉक्टरांनी कागदावरच्या आकृतीत मला दुखऱ्या जागा रंगवायला लावल्या. मी जवळजवळ सगळी आकृती रंगवली.
स्नायू किंवा सांधे झिजलेले नाहीत. मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याचे संदेश वाढवून ऐकतात. मंडईच्या जत्रेतल्या भोंग्याचा आवाज कोणी चढवून ठेवावा आणि कुजबुजही गावभर जावी, तसं. हे यांना पटलं. म्हणाले, "मग आवाज कमी करायचं बटण कुठाय?"

१४ जुलै
धानाची रोवणी सुरू झाली. शाळा सुटल्यावर शेतावर गेले. बाया ओळीने वाकलेल्या, पाय चिखलात, पाठीवर पाऊस. ठेका एकराचा, त्यामुळे बांधी संपेपर्यंत कंबर सरळ करायची सोय नाही. एकीने कमरेच्या पिशवीतून गोळी काढून कोरडीच गिळली. दुकानातून आणलेली, नाव तिला ठाऊक नाही.
पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये घरोघर पाहणी केली होती. चार हजारांवर प्रौढांत सुमारे १८ टक्क्यांना हाडा-स्नायूंचं दुखणं निघालं. त्यातल्या पुष्कळांना कुठल्याच ठरावीक संधिवाताच्या रकान्यात बसवता येत नव्हतं. या बांधीत तसं विचारलं तर काय निघेल? सगळ्यांनाच माझा आजार नसेल. वाकून दुखणारी कंबर विश्रांतीने बरी होते, माझी होत नाही. पण विश्रांती इथे मिळतेय कोणाला? मला निदान पगारी रजा आहे.

९ ऑगस्ट
पहिल्या गोळीने, प्रेगाबालिनने, गरगरायचं आणि पाय सुजायचे. फळ्यापाशी उभं राहवत नव्हतं. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ती हळूहळू उतरवून रात्री अमिट्रिप्टिलिन सुरू केली, अगदी कमी मात्रेत. तोंड कोरडं पडतं, पण झोप लागते. माझ्याच आजाराची साकोलीकडची एक बाई ड्युलोक्सेटिनवर आहे आणि तिला तेच मानवलंय. तिची गोळी मला आणि माझी तिला चालेलच असं नाही.
शेजारच्या वहिनी सुई घेऊन ये म्हणतात, दोन दिवसांत उभी राहशील. अशा सुईतल्या स्टेरॉइडचा या आजारात उपयोग नाही, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. वहिनींना चहा दिला.

२८ ऑगस्ट
युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी २०१६ मध्ये या आजाराच्या सगळ्या उपचारांचे पुरावे तपासले, तेव्हा ठाम शिफारस मिळाली ती एकट्या व्यायामाला. गोळ्यांनाही तेवढी मिळाली नाही. म्हणून रोज तलावाच्या पाळीवरून चालायचं. सुरुवात थोडक्यात करायची, अंग बरं वाटलं तरी ठरल्यापेक्षा जास्त जायचं नाही, आणि दुखलं तरी अगदी बंद करायचं नाही.
चालण्यापेक्षा जाब देणं कठीण. डोक्यावर भारा नाही, हातात डबा नाही, आणि बाई एकटी चाललीय! "कुठं निघाल्या, बाई?" सगळे विचारतात. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटलं की वाट मोकळी होते. मला चालावंसं वाटतं, एवढं कारण पुरत नाही.

५ नोव्हेंबर
मंडईची जत्रा. पाहुणे आले, रात्री दंडारीचं लोकनाट्य. पूर्वी मी पाहुण्यांचा स्वयंपाक उरकून पहाटेपर्यंत जागायची. आता झोपेचा हिशेब ठेवावा लागतो. १९७५ च्या सुमारास कॅनडात हार्वे मोल्डोफस्की यांनी धडधाकट माणसांची गाढ झोप काही रात्री मोडून पाहिली, तर त्यांचंही अंग दुखायला लागलं. माझी झोप आधीच मोडकी. तेव्हा ठरवलं की दंडार बघायची आणि स्वयंपाक सोडायचा. दोन्ही होणार नाही.
यावर घरात वाद झाला. "पाहुणे काय म्हणतील?" सासूबाईंचा प्रश्न. मी म्हटलं, पाहुण्यांना भूक असते, भाजी कोणी चिरली ते ते विचारत नाहीत. शेवटी यांनी आणि पुतण्याने भाज्या चिरल्या, वड्यांचं पीठ शेजारून आलं. मी मध्यरात्रीपर्यंत दंडार पाहून झोपले. सकाळी अंग दुखत होतं, पण उठता आलं.

१८ नोव्हेंबर
पुढच्या आठवड्यात नागपूर. मागच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं होतं, "दुखणं थोडं उतरलं तर काय करायचंय?" दुखणं शून्य होईल असं त्यांनी कधीच कबूल केलं नाही. मी सांगितलं होतं, पूर्ण तासभर फळ्यावर हात वर करून लिहायचंय. अजून मध्येच हात खाली घ्यावा लागतो, पण उन्हाळ्यात पाच ओळीही होत नव्हत्या.
या वेळी यांनाही आत न्यायचं. हंडा कोणी उचलायचा, रात्री दिवा किती वाजता मालवायचा, पाहुण्यांना कधी नाही म्हणायचं, हे डॉक्टरांच्या तोंडून यांनी ऐकलं पाहिजे. चिठ्ठीवर नाव माझं असलं, तरी तिच्यातलं निम्मं पथ्य घराने पाळायचं आहे.